रूपाबाईची हजेरी

एकतीस वर्षं मी हिंगोलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवलं आणि त्या एकतीस वर्षांत माझ्या वर्गाची हजेरी दुसऱ्या कोणाला घेऊ दिली नाही. पोरं एकमेकांच्या नावानं 'हजर' ठोकून देतात, हे काय कोणाला नवीन आहे? माझ्या वर्गात ती हिंमत कोणाची झाली नाही. आमचे यजमान बंडोपंत देवळात पूजेला असतात. ते म्हणायचे, "पद्मजा, तू गाभाऱ्यापाशी आलीस की मला धाकधूक होते. देवाचं नाव पुकारशील आणि उत्तर आलं नाही तर गैरहजेरी मांडशील." मी ते कौतुक समजून घेत असे.

त्यामुळे निवृत्तीनंतर लहान उद्योगांच्या सरकारी योजनेत प्रशिक्षक म्हणून बोलावणं आलं, तेव्हा मी एका पायावर तयार झाले. योजना साधी होती. ज्याला स्वतःचा छोटा उद्योग काढायचा आहे त्याला बँक कर्ज देणार, त्यातला काही वाटा सरकार उचलणार, आणि त्याआधी त्या माणसानं दहा दिवसांचं प्रशिक्षण पुरं करायचं. कच्चा माल कसा पारखायचा, पाकिटावर काय छापायचं, गिऱ्हाईक कसं जोडायचं, हे सगळं मी शिकवायचं. शेवटी माझ्या सहीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर बँक फाइल उघडतसुद्धा नाही. ज्यांनी ही योजना आखली त्यांना मी नावं ठेवणार नाही. नुसते पैसे वाटण्यापेक्षा माणसाला आधी शिकवावं हा विचार मला पटतो, अजूनही पटतो.

मार्चच्या तुकडीत पस्तीस जण होते. त्यात आखाडा बाळापूरजवळच्या एका तांड्यावरून रूपाबाई खेमा आडे नावाची बाई यायची. तिला हळदीची चक्की घालायची होती. आमच्या हिंगोलीच्या बाजारात मोसमात हळदीचे ढीग लागतात, पोत्यांवर पोती चढतात, आणि त्याच हिंगोलीत आम्ही पावडर मात्र परगावच्या पाकिटातली खातो. तिचा अर्ज वाचून मला बरं वाटलं होतं. ती शेवटच्या रांगेत बसायची. पदर कपाळाच्या खालपर्यंत. नाव पुकारलं की लगेच "हजर!" दहा दिवसांत एकही खाडा नाही. बाकीच्यांची कोणाची मावशी वारली, कोणाचा ट्रॅक्टर पंक्चर झाला. समारोपाच्या दिवशी मी तिला पुढे बोलावलं, पाठ थोपटली, स्टीलचा डबा बक्षीस दिला आणि इतरांना सुनावलं, "धंदा करायचा असेल तर आधी या बाईसारखं वेळेवर यायला शिका."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी प्रज्ञेशचा फोन आला. प्रज्ञेश म्हणजे आमच्या प्रशिक्षण संस्थेतला समन्वयक, तिशीचा, दिवसभर संगणकापुढे बसलेला. "मॅडम, जरा येऊन जाता का?"

मी गेले. त्यानं पडद्यावर चार फोटो शेजारी शेजारी लावून ठेवले होते.

"हा आधार कार्डावरचा. हा पहिल्या दिवशीचा, हजेरीसाठी रोज काढतो त्यातला. दोन्हीत बाई एकच आहे. हा पाचव्या दिवशीचा, नाव तेच, पण ही बाई वीतभर उंच आहे. आणि ही बघा, तुमच्या हातून बक्षीस घेणारी."

बक्षीस घेणारीच्या हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके होते. फोटोत मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी होते आणि हसत होते.

"तीन बायका आहेत मॅडम, एका नावावर," प्रज्ञेश म्हणाला. हसू आवरायला त्याला बरेच कष्ट पडत होते.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कॉलेजातल्या पोरांना जे जमलं नाही ते या बायांनी करून दाखवलं, तेही मला बक्षीस द्यायला लावून! मी म्हटलं, "फाइल बाद करा. ही सरळ सरळ फसवणूक आहे."

"एकतीस तारखेला मुदत संपते. बँकेनं बाकी सगळं तपासून ठेवलंय, प्रमाणपत्र तेवढं राहिलंय. पुढच्या वर्षी आपल्या वाट्याला किती प्रकरणं येतील, भरवसा नाही." मग त्यानं आवाज खाली आणला. "मी पहिल्या दिवसाचाच फोटो पुन्हा चढवतो. तुम्ही सही करा. वर कोण बघतंय?"

"प्रज्ञेश, माझी सही आजवर खोट्या कागदावर झालेली नाही." मी हे इतक्या मोठ्यानं म्हटलं की पलीकडच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या. त्यांनी ऐकलं याचं मला बरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं बाळापूर गाठलं आणि तिथून रिक्षानं तांडा. काय काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं. तांड्यालगतच्या मोकळ्या रानात हळद शिजवण्याचं काम चाललं होतं. लोखंडी ड्रम, खाली जाळ, वर वाफ, आणि पलीकडे पिवळ्या हळकुंडांचा, म्हणजे शेंगांचा, पसारा उन्हात वाळत पडलेला. ड्रमाशी रूपाबाई उभी होती. आधार कार्डावरची. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"बाई! या, या. निता, बाईला पाणी आण."

पाणी घेऊन आलेल्या बाईच्या हनुवटीवर तीन ठिपके होते.

"ही कोण?" मी विचारलं.

"माझी धाकली जाव, निता. अन् ती तिकडं हळद पसरून राहिली ती मधली, मिना."

"आणि माझ्या वर्गात रूपाबाई म्हणून कोण बसत होतं?"

"तिघी बी," रूपाबाई म्हणाली. काही लपवायचं आहे असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतंच. "पहिले तीन दिवस मी. मंग हळद शिजवायला आली. ड्रमापाशी माझ्याबिगर चालत न्हाई, म्हणून तीन दिवस मिना आली, अन् शेवटले चार दिवस निता. पर जागा रिकामी ठेवली न्हाई बाई. एक बी खाडा पडू दिला न्हाई."

समारोपाला मी जितक्या अभिमानानं त्या हजेरीबद्दल बोलले होते, तितक्याच अभिमानानं ती बोलत होती. मग तिनंच मला समजावून सांगितलं. त्यांच्या हळदीच्या टोळीत काम घराच्या नावावर असतं. ज्या घराची जागा, त्या घरातलं कोणी तरी आलं पाहिजे. एकीला ताप आला तर दुसरी उभी राहते, दुसरीला माहेरी जायचं असलं तर तिसरी. मुकादम नाव एकच पुकारतो आणि जी आलेली असेल ती ओ देते. जागा रिकामी राहिली तर लाज. माणूस बदललं तर कोणी विचारतही नाही.

"अहो, पण ही मजुरी नाही!" मी म्हटलं. "हे प्रशिक्षण आहे. जिला उद्योग करायचा तिनंच शिकायचं असतं."

"उद्योग एकलीनंच करायचा असतो का?" लांबून मिनानं विचारलं. ती खरंच वीतभर उंच होती. "चक्की तिघींनी चालवायची, तर शिकायला तिघी आलो. तुमाला काहून राग येऊन राहिला?"

"अर्जावर नाव एकीचंच आहे."

"अर्जात जागाच एका नावाची हाय," रूपाबाई म्हणाली. "मी थोरली, म्हणून माझं टाकलं."

मी आणखी चिडले. "पण मला सांगायचं तरी! मला असं अंधारात ठेवायचं?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. निता हळूच म्हणाली, "बाई, आमाला वाटलं तुमाला ठावं हाय. तुमी रोज आमच्याकडं बघूनच नाव घेत होत्या. बक्षीस देतानी तर माझ्या पाठीवर हात ठेवला. मी म्हणलं, बाई समजदार हाय, चालवून घेतलं."

हे तिनं टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी सोडलं नसतं. पण ती मनापासून बोलत होती. वाटेत जुळवलेलं सगळं माझ्या तोंडातच राहिलं.

"सर्टिफिकेट भेटंल ना?" रूपाबाईनं विचारलं.

"नाही मिळालं तर यंदाची फाइल गेली."

तिनं ड्रमाखाली एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "यंदा मी ऊसतोडीच्या मुकादमाला न्हाई म्हणून सांगितलं. धा वर्सांत पहिल्या बार. निताच्या पोरीची शाळा दोनदा सुटली कारखान्यावर जाऊन. म्हणलं, चक्की बसली की दिवाळीनंतर घराला कुलूप घालायचं न्हाई." ड्रमातून वाफ जोरात येऊ लागली तशी ती कामाला लागली आणि मी चहा न घेता निघाले.

घरी येऊन मी माझी फाइल काढली. कशासाठी, ते मलाही नीट माहीत नव्हतं. बहुधा मी कशी बरोबर आहे हे बघायला. समारोपाच्या दिवशी संस्थेला दिलेल्या प्रशिक्षकाच्या अहवालाची प्रत त्यात होती. सातवा प्रश्न असा: 'प्रत्येक प्रशिक्षणार्थीकडे वैयक्तिक लक्ष दिले काय?' पुढे माझ्या अक्षरात 'होय' आणि खाली माझी सही. माझी सही खोट्या कागदावर झालेली नाही असं मी प्रज्ञेशला ठणकावून सांगितलं, त्याच्या तीनच दिवस आधी ती झालेली होती.

मला फार लाज वाटली. फसवलं गेल्याची नव्हे. तीन वेगळ्या बायका, तीन उंच्या, तीन आवाज, एकीच्या हनुवटीवर ठिपके, आणि माझ्या लेखी ती शेवटच्या रांगेतली पदर घेतलेली एक तांड्यावरची बाई. पाटलाची सून किंवा वकिलाची बहीण बदलून आली असती तर मला कळलं नसतं का? पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. हे स्वतःशी कबूल करायला मला जेवण थंड होईपर्यंत वेळ लागला. बंडोपंतांनी ताट झाकून ठेवलं आणि त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी प्रज्ञेशला विचारलं, "राहिलेले दिवस भरून काढायची काही सोय आहे?"

त्यानं नियम काढून दाखवला. "हजेरी कमी पडली तर कारण लिहावं लागतं. प्रशिक्षणार्थीनं फसवलं असं लिहिलं तर फाइल बाद. प्रशिक्षकाची चूक असेल तर उरलेलं प्रशिक्षण पुन्हा देता येतं, कामाच्या जागी जाऊनसुद्धा. पण मॅडम, ते कारण तुमच्या सहीनं वर जाईल. प्रशिक्षकांच्या यादीतून तुमचं नाव कमी करतील."

खोटं कशाला सांगू, माझा हात थांबला. निवृत्तीनंतर या शहरात 'मॅडम' म्हणणारे लोक झपाट्यानं कमी होतात. या प्रशिक्षणामुळे सकाळी इस्त्रीची साडी नेसून कुठे तरी जायला मिळत होतं. पण चूक माझी होती ही काही नियमातून काढलेली पळवाट नव्हती, ती खरीच होती. मी लिहिलं: 'प्रशिक्षकाने हजेरी घेताना प्रशिक्षणार्थीकडे पाहिले नाही.' संस्थेतल्या मूळ अहवालात सातव्या प्रश्नाचा 'होय' खोडला, 'नाही' लिहिलं आणि दोन्ही ठिकाणी सही केली.

मग सात दिवस मी सकाळच्या एसटीनं बाळापूरला गेले. वर्ग ड्रमापाशी भरायचा, कारण रूपाबाई तिथून हलू शकत नव्हती. मी उलट्या टोपल्यावर बसायची. प्रशिक्षण एकीचंच राहिलं होतं, पण आसपास हात चालवत तिघीही ऐकायच्या. पहिल्याच दिवशी कळलं की माझं निम्मं शिकवणं तिथे आधीच पोचलेलं होतं. जी वर्गाला जायची ती संध्याकाळी भाकरी थापताना बाकीच्या दोघींना सगळं सांगायची. रूपाबाई सहाव्या दिवसाचा धडा मला जशाच्या तसा म्हणून दाखवू लागली.

"तुमी म्हणल्या, पाकिटावर तारीख घाला, वजन घाला, पत्ता घाला. अन् मंग म्हणल्या..."

"मुद्दा लक्षात घ्या!" निता मध्येच म्हणाली. चष्मा सावरल्यासारखा हात करून, माझ्याच आवाजात. तिघी खो खो हसल्या. मी रागवायला तोंड उघडलं आणि मलाच हसू फुटलं. एकतीस वर्षांत माझी नक्कल माझ्यासमोर करायला कोणी धजलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी माल पारखायचा धडा होता. हळद किती वाळली ते मोजायचं यंत्र असतं, त्याबद्दल मी वर्गात चांगली वीस मिनिटं बोलले होते. रूपाबाईनं पसाऱ्यातली एक शेंग उचलली, माझ्या कानाजवळ आणून मोडली. बद्द आवाज आला. मग कडेच्या, जास्त वाळलेल्या ढिगातली उचलून मोडली. तिचा आवाज खणखणीत आला, भांडं वाजावं तसा. "ही चक्कीत घालायची," ती म्हणाली. "मघाची घातली तर पावडरीच्या गुठळ्या व्हतील." मी वहीत लिहून घेतलं. तिच्या प्रशिक्षणाच्या वहीत नव्हे, माझ्या.

हळूहळू माणसं दिसू लागली. मिना कमी बोलते, पण भाव ठरवताना तिच्याशिवाय पान हलत नाही. निताला दुकानदाराशी गोड बोलता येतं आणि भांडताही येतं. रूपाबाई कोणालाही काम सांगत नाही, स्वतः करायला लागते, मग बाकीचे आपोआप उठतात. तिला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. माझ्या वर्गात पहिले तीन दिवस ती शेवटच्या रांगेत बसली होती, तेव्हा तिला अर्ध्याहून अधिक ऐकूच आलं नसणार. हे मला चौथ्या दिवशी कळलं आणि तेव्हापासून मी तिच्या उजव्या बाजूला बसू लागले.

सातव्या दिवशी मी ड्रमापाशीच प्रमाणपत्रावर सही केली. नाव एकीचं घालावं लागलं. मिना आणि निताला त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही, मला मात्र वाटलं. पुढच्या तुकडीत त्या दोघींचीही नावं घ्यावीत असं पत्र मी संस्थेला दिलं, कोणी वाचेल न वाचेल. माझं नाव यादीतून गेल्याचं प्रज्ञेशनं त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं.

मुदतीला दोन दिवस उरले असताना मी आणि रूपाबाई बँकेत गेलो. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. व्यवस्थापक सगळी कागदपत्रं एकेक करून बघत गेले. मग त्यांनी शिफारशीचा एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला. प्रशिक्षकानं भरायचा तो शेवटचा कागद होता. त्यात एक ओळ होती: 'अर्जदारास आपण किती काळापासून व्यक्तिशः ओळखता?'

मी लिहिलं, 'सात दिवस.'

व्यवस्थापकांनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, असं काय करता? दोन-चार वर्षं लिहा. सगळे तेच लिहितात. सात दिवसांच्या ओळखीवर कर्ज दिलं म्हणून वरून विचारलं तर मी काय सांगू? मला फाइल परत पाठवावी लागेल."

पुन्हा तेच. सही माझी, खरेपणा माझा, आणि किंमत मोजायची हिनं. मी पेन हातात धरून बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की खोटं लिहावं, झटकन लिहून टाकावं. पण तेही पुन्हा मीच ठरवणार होते, तिला न विचारता. मी तिच्या उजव्या बाजूला सरकले.

"रूपाबाई, चक्की तुमची आहे. तुम्ही सांगा. मी काय लिहिलंय ते वाचून दाखवते." मी प्रश्न वाचला, उत्तर वाचलं, साहेब काय म्हणतात तेही सांगितलं. "खोडू का?"

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. कागदावरच्या माझ्या अक्षराकडे थोडा वेळ पाहिलं. मग मान हलवली आणि व्यवस्थापकांना म्हणाली, "न्हाई साहेब, राहू द्या. बाईनं बराबर लिव्हलं. मी बी त्यांना तितकेच दिवस झाले वळखते."

साहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला भरून आलं होतं आणि ते लपवायचं भान राहिलं नव्हतं. त्यांनी पुन्हा एकदा ती ओळ वाचली, कागद फाइलला लावला आणि शिक्का मारला.